घर ‘ऑनलाइन’, पण घरातले कोण?

संपादक महोदय,

‘86 टक्के घरांत इंटरनेट’ अशी बातमी येते आणि दोन-चार दिवसांत तिच्यातला ‘घरांत’ हा शब्द गळून पडतो. मग भाषणांत, चर्चांत आणि एखादी सेवा फक्त ऑनलाइन करण्याच्या समर्थनात ‘आता 86 टक्के लोक ऑनलाइन आहेत’ असे बिनदिक्कत सांगितले जाते. आकड्यात चूक नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 80 व्या फेरीत जानेवारी ते मार्च 2025 या काळात दूरसंचारविषयक पाहणी झाली. तीत 86.3 टक्के कुटुंबांकडे घरच्या आवारात इंटरनेटची सोय आढळली, तर 85.5 टक्के कुटुंबांकडे किमान एक स्मार्टफोन. हे दोन्ही आकडे कुटुंबांचे आहेत. त्यांवरून माणसांविषयी काय म्हणता येते, हे एका साध्या हिशेबात कळते.

समजा, प्रत्येकी चार माणसांची 100 घरे आहेत आणि त्यांतल्या 86 घरांत एकेक स्मार्टफोन आहे. प्रत्येक घरात एकच माणूस तो वापरत असेल तर 400 पैकी 86 जण, म्हणजे साडेएकवीस टक्के लोक ऑनलाइन. दोघे वापरत असतील तर 43 टक्के. चौघेही वापरत असतील तरच 86 टक्के. घराचा आकडा तिन्ही वेळा तोच राहतो. शिधापत्रिकेची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, दवाखान्याची वेळ हे सारे शेवटी एकेका माणसाला करावे लागते, त्यामुळे ही तफावत कागदावरची म्हणून सोडून देता येत नाही.

यातही ‘घरात इंटरनेट आहे’ म्हणजे नेमके काय? फोन एकच आहे. सकाळी नऊला तो कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात बसून कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. मधले अकरा तास घरात असणाऱ्या बाईला, म्हाताऱ्या सासूला, शाळेतून आलेल्या मुलीला इंटरनेट आहे की नाही? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शिकेनुसार कुटुंबाला इंटरनेटची सोय आहे असे तेव्हाच म्हणायचे, जेव्हा ती घरातल्या सर्वांना साधारणपणे कोणत्याही वेळी उपलब्ध असते, मग कुणी वापरो वा न वापरो. ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर खिशातून जाणारा हा फोन घराच्या खात्यात धरता येत नाही. प्रत्यक्षात दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला ‘हो, आहे ना नेट’ असे उत्तर मिळते आणि तो ‘होय’वर बोट ठेवून पुढे जातो.

यावर उपाय अवघड नाही. ‘होय’नंतर चार छोटे प्रश्न जोडावे लागतात. घरात चालू फोन किती? सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात त्यांतला एखादा घरी असतो का? त्याचे लॉक आणखी कुणाकुणाला उघडता येते? आणि कुणाला न विचारता तो कोण हातात घेऊ शकते? चारही प्रश्नांना मिळून दोन मिनिटेही लागत नाहीत. त्यांत लॉकचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला मोघम उत्तर देता येत नाही.

प्रश्नाची रचनाच चुकली तर काय होते, याचे उदाहरण 2011 च्या जनगणनेत आहे. त्या वेळी घरयादीच्या, म्हणजे घरे आणि त्यांतल्या सोयी नोंदवण्याच्या टप्प्यात इंटरनेटचा स्वतंत्र प्रश्न नव्हता. ‘संगणक किंवा लॅपटॉप : इंटरनेटसह / इंटरनेटविना’ एवढेच विचारले होते. 3.1 टक्के कुटुंबांकडे इंटरनेटसह संगणक निघाला. त्याच यादीत 53.2 टक्के कुटुंबांकडे फक्त मोबाइल आणि आणखी 6 टक्के कुटुंबांकडे मोबाइल व लँडलाइन दोन्ही होते. मोबाइलवर इंटरनेट असलेल्या घरासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. देशात इंटरनेट पुढे फोनवरूनच पसरले आणि त्याची आधारभूत नोंद आपल्याकडे राहिली नाही. पुढच्या जनगणनेसाठी निघालेल्या जानेवारी 2020 च्या अधिसूचनेत ही चूक सुधारली गेली. इंटरनेटची सोय, संगणक आणि टेलिफोन-मोबाइल-स्मार्टफोन असे वेगवेगळे प्रश्न आले. ही सुधारणा मोठी आहे, कारण नमुना पाहणीला गावागणिक आकडा देता येत नाही. पण जनगणनेच्या घरयादीत माणशी प्रश्न विचारता येणार नाहीत, एवढा वेळच प्रगणकाकडे नसतो. म्हणून कोणत्या गावात सोय पोहोचली हे जनगणनेने सांगावे आणि ती कुणाच्या हातात पोहोचली हे नमुना पाहणीने सांगावे. एकीचे काम दुसरीकडून करून घेऊ नये.

नमुना पाहण्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना तर फारच गफलत होते. 2017-18 मधल्या 75 व्या फेरीत पाच वर्षांवरच्या सर्वांबद्दल विचारले होते की गेल्या 30 दिवसांत इंटरनेट वापरले का. ग्रामीण भागात 10.8 टक्के आणि शहरी भागात 33.8 टक्के असे उत्तर आले. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या स्त्री-पुरुषांना ‘कधीतरी इंटरनेट वापरले आहे का’ असे विचारले. स्त्रिया 33.3 टक्के, पुरुष 57.1 टक्के. आंतरराष्ट्रीय निकष आहे तो गेल्या तीन महिन्यांत, कुठूनही केलेल्या वापराचा. एकीकडे तीस दिवस, दुसरीकडे तीन महिने, तिसरीकडे आयुष्यभरात कधीतरी, वयोगटही वेगळे. हे तीन ठिपके एका रेषेने जोडून ‘इंटरनेटची घोडदौड’ असा आलेख काढला, तर त्या चढात खरी वाढ किती आणि प्रश्न बदलल्याचा परिणाम किती हे कुणालाच सांगता येणार नाही. वाढ झाली आहे, प्रचंड झाली आहे, याबद्दल शंका नाही. ती किती, हे या रेषेवरून कळत नाही इतकेच.

75 व्या फेरीतच आणखी एक शिकण्यासारखी जोडी आहे. ग्रामीण भागात ‘इंटरनेट वापरता येते’ म्हणणारे 13.0 टक्के होते आणि महिनाभरात खरोखर वापरलेले 10.8 टक्के. शहरात 37.1 आणि 33.8. येते आणि वापरले यांत हे अंतर असतेच. कधी रिचार्ज संपलेला असतो, कधी रेंज नसते, कधी फोन दुसऱ्याच्या हातात असतो. दोन्ही विचारले तरच हे अंतर दिसते.

आता प्रत्यक्ष विचारण्याकडे येतो, कारण बहुतेक चुका तिथे होतात. ‘तुम्ही इंटरनेट वापरता का?’ या प्रश्नाला ‘नाही बाई, ते काही आपल्याला जमत नाही’ असे सांगणारी व्यक्ती पाचच मिनिटांपूर्वी यूट्यूबवर भजन ऐकत असते किंवा नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोललेली असते. तिच्या लेखी व्हॉट्सअॅप म्हणजे व्हॉट्सअॅप. इंटरनेट ही कॉम्प्युटरवाल्यांची गोष्ट. टॅबलेटवरच्या प्रश्नावलीत या पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ नोंदवले की पुढचा सगळा भाग आपोआप गाळला जातो आणि पडदा थेट पुढच्या विषयावर उडी मारतो. चूक दुरुस्त करण्याची संधीच उरत नाही. म्हणून क्रम उलटा हवा. आधी प्रत्येकाला एकेक कृती नाव घेऊन विचारावी : व्हॉट्सअॅपवर मेसेज किंवा फोटो पाठवला का, व्हिडिओ कॉल केला का, यूट्यूब पाहिले का, क्यूआर कोडवरून पैसे दिले का, काही शोधून वाचले का, अर्ज भरला का. यांतली एक जरी ‘होय’ असली तरी ती व्यक्ती इंटरनेट वापरणारी. हा निष्कर्ष नंतर संगणकाने काढावा. ‘इंटरनेट’ हा शब्द प्रगणकाने शेवटी उच्चारला तरी चालेल.

उलट दिशेची चूकही तेवढीच होते. आपल्या बोलण्यात ‘फॉर्म ऑनलाइन भरला’ याचा अर्थ पुष्कळदा ‘सेवा केंद्रात जाऊन भरून घेतला’ असा असतो. सांगणारा खोटे बोलत नसतो. काम झाले, ऑनलाइन झाले, त्याचेच झाले. पण तो वापर त्याचा नाही. इथे ‘ओटीपी कुणी टाकला?’ किंवा ‘बटणं कुणी दाबली?’ असे सरळ विचारले की उलगडा होतो. नोंदीला तीन पर्याय हवेत : स्वतः केले, कुणीतरी शेजारी बसून सांगितले आणि स्वतः केले, दुसऱ्याने करून दिले. तिसरा पर्याय ‘वापर’ म्हणून मोजू नये, पण टाकूनही देऊ नये. एखादी सेवा ऑनलाइन केल्यावर किती लोकांना मध्यस्थ लागतो, याचा तोच एक धागा हाती असतो.

उपकरणाची ओळख पटवतानाही घोळ होतो. मोठी काच दिसली की स्मार्टफोन आणि बटणे दिसली की साधा फोन, असे समजू नये. 2017 पासून बटणांचे 4जी फोन आले. त्यांवर व्हॉट्सअॅप आणि यूट्यूब चालत होते. उलट, काच असूनही ज्याच्यात नवीन अॅप घेता येत नाही असा जुना सेटही असतो. स्मार्टफोनची खूण म्हणजे इतरांनी तयार केलेली अॅप उतरवून चालवू शकणारी प्रणाली. शक्य असेल तिथे फोन पाहायला मागावा, नावावर विसंबू नये. संगणक म्हणजे डेस्कटॉप, लॅपटॉप आणि टॅबलेट; स्मार्टफोन किंवा स्मार्ट टीव्ही त्यात धरत नाहीत, हेही प्रगणकांना प्रशिक्षणात नमुने दाखवून सांगावे लागते. आणि ‘आहे’ एवढ्यावर थांबू नये. बॅटरी फुगलेला, पडदा तडकून स्पर्श न घेणारा, रिचार्ज नसल्याने पडून असलेला, असा प्रत्येक फोन ‘आहे’मध्ये जमा होतो. चालू, नादुरुस्त आणि रिचार्ज संपलेला अशी तीन खाती ठेवली तर अडचण उपकरणाची आहे की खर्चाची, हे पुढे वेगळे काढता येते.

मालकीच्या प्रश्नात प्रगणक हमखास अडखळतात, कारण ‘फोन कुणाच्या नावावर आहे?’ असे विचारण्याची सवय असते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला 5.ब.1 हा निर्देशांक स्त्री-पुरुषांच्या मोबाइल मालकीचा आहे. त्याच्या व्याख्येत सिम कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावरचे सिम असले, पण हँडसेट तिच्या स्वतःच्या वापरासाठी तिच्याकडे असेल आणि त्यात चालू सिम असेल, तर ती मालक. नुसते सिम आहे आणि गरज पडली की दुसऱ्याच्या फोनमध्ये घालते, तर ती मालक नाही. ‘नावावर’ विचारले तर पहिली गाळली जाते आणि दुसरी आत घुसते. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने याच धर्तीवर, स्वतः वापरतात असा मोबाइल आहे का, असे स्त्रियांना विचारले होते; 54 टक्के स्त्रियांनी होय म्हटले.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे मासिक आकडे यासाठी कामाचे नाहीत. ते जोडण्या मोजतात. एका फोनमध्ये दोन सिम असतात, म्हणूनच शहरी दूरध्वनी घनता, म्हणजे दर शंभर माणसांमागच्या जोडण्या, शंभराच्या वर जाते. कंपन्यांची व्याप्ती पाहायला ते आकडे चांगले. माणसे मोजायला नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान होते ते उत्तर कोण देते यावरून. घरातला एक माणूस सगळ्यांच्या वतीने सांगतो. ‘ती कुठं वापरते मोबाइल’ असे सासरा सांगतो; ती दुपारी वापरत असते हे त्याला माहीत नसते, किंवा सांगायचे नसते. मुलगा वडिलांबद्दल ‘त्यांना सगळं येतं’ म्हणतो. वापराचे प्रश्न ज्याचे त्यालाच, आणि जमेल तितके एकट्याला विचारले पाहिजेत. प्रत्येकाला गाठणे परवडत नसेल तर घरातली एक व्यक्ती चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. त्यासाठी लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने 1949 मध्ये दिलेला तक्ता आजही वापरतात. टॅबलेट आता तीच निवड आपोआप करतो. पण अशी निवड केली की एक गोष्ट विसरून चालत नाही. सहा जणांच्या घरातून एक निवडला तर त्याची निवड होण्याची शक्यता सहात एक, म्हणून त्याचा भारांक, म्हणजे हिशेबात त्याच्या उत्तराला दिलेले वजन, सहापट करायचा. एकट्या राहणाऱ्याचा एकपट. हा गुणाकार राहून गेला की लहान घरांतली माणसे निष्कर्षात फुगतात आणि मोठ्या कुटुंबांतल्या सुना, मुली, म्हातारे आक्रसतात. नेमके तेच, ज्यांच्यासाठी ही पाहणी करायची असते.

निवडलेली व्यक्ती घरी नसेल तर समोर असलेल्याला विचारून मोकळे होण्याचा मोह प्रगणकाला होतो. दिवसाला ठरावीक घरे पुरी करण्याचा तगादा असेल तर तो होणारच, त्याला एकट्याला दोष देऊ नये. किमान तीन फेऱ्या, त्याही वेगवेगळ्या वेळी, एक संध्याकाळची, एवढा वेळ आणि मोबदला नियोजनातच धरला पाहिजे. फसवणूक पकडण्याची युक्तीही आहे. घरोघरी नोंदवलेल्या सर्व सदस्यांच्या यादीत स्त्रिया किती आणि निवडल्या गेलेल्यांत किती, हे प्रत्येक प्रगणकानुसार ताडून पाहायचे. यादीत निम्म्या स्त्रिया आणि मुलाखती झालेल्यांत तीन चतुर्थांश, असे दिसले तर दुपारी घरी सापडली तिलाच विचारले आहे हे उघड होते. एखाद्याच्या यादीत दर घरी माणसेच कमी भरत असतील, तर बाहेर गेलेल्यांची नावे आधीच गाळली जात आहेत.

नमुना किती मोठा हवा, हा जिल्हा परिषदेपासून महाविद्यालयांपर्यंत सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न. 384 हा आकडा पाठ असतो : 95 टक्के विश्वासाने, पाच टक्के अधिक-उणे. तो साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. आपण मात्र गावे निवडतो आणि गावातली घरे घेतो. इंटरनेटच्या बाबतीत एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात, कारण टॉवरची रेंज सगळ्यांना एकच. हे साम्य (0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे सगळी घरे सारखीच) 0.1 इतके धरले आणि गावात 20 घरे घेतली, तर नमुना 1 + 19 × 0.1 = 2.9 पट, म्हणजे 1114 घरे, 56 गावांत. गावात 10 च घरे घेतली तर 1.9 पट, म्हणजे 730 घरे, पण 73 गावांत. मुलाखती कमी होतात, प्रवास वाढतो. दहा टक्के घरांत उत्तर मिळणार नाही असे धरून 730 चे 811 करावे लागतात. स्त्री-पुरुषांचे आकडे स्वतंत्रपणे तेवढ्याच अचूक हवे असतील तर दुप्पट. पाच गावांत ऐंशी-ऐंशी घरे करून ‘400 चा नमुना’ म्हणणारे अहवाल पाच गावांपलीकडे फारसे काही सांगत नाहीत.

फोनवरून केलेली पाहणी तर या विषयासाठी बादच समजावी. ज्याच्याकडे फोन नाही तो उचलणार कुठून? आणि दोन सिमवाल्याला फोन लागण्याची शक्यता दुप्पट.

कौशल्याच्या बाबतीत माणसाच्या सांगण्यावर थांबू नये. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 78 व्या फेरीत फाइल कॉपी करता येते का, जोडपत्रासह ई-मेल पाठवता येतो का, गणनपत्रकात (स्प्रेडशीटमध्ये) सूत्र मांडता येते का अशी यादी होती. आंतरराष्ट्रीय यादीवर बेतलेली ती यादी संगणकाभोवती फिरते, आणि ‘येते का’ या प्रश्नाला संकोचाने नाही किंवा अभिमानाने हो येते. त्यापेक्षा ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक उपक्रमाच्या 2023 च्या पाहणीची पद्धत आम्हाला अधिक भरवशाची वाटते. 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना चांगली रेंज असलेला स्मार्टफोन आणायला सांगितले आणि त्यावर गजर लावणे, माहिती शोधणे, व्हिडिओ शोधून पाठवणे असली कामे प्रत्यक्ष करायला लावली. फोन आणता येतो की नाही, हेसुद्धा त्यात मोजले जाते. मुलीला घरातला फोन मिळतो का याचे उत्तर तिथेच डोळ्यांसमोर येते. प्रौढांच्या पाहणीत अशी तीन कामे घातली तर माणशी चार-पाच मिनिटे वाढतील. तेवढी द्यावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. असा आकडा छापताना त्याच वाक्यात किंवा चौकटीत पाच गोष्टी द्याव्यात : मोजले ते कुटुंब की व्यक्ती, वयोगट कोणता, संदर्भ काळ किती, उत्तर स्वतः दिले की दुसऱ्याने, आणि पाहणी कोणत्या महिन्यांत झाली. सांख्यिकी मंत्रालय राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची व्यक्तिनिहाय माहिती, नावे काढून, संशोधकांना व पत्रकारांना उपलब्ध करून देते. वृत्तसंपादकीय विभागात गणनपत्रक हाताळणारे कुणी असेल, तर महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्त्रियांचे वयोगटानुसार कोष्टक स्वतः काढता येईल. फक्त भारांकाचा रकाना लावायला विसरू नये, आणि प्रत्येक टक्केवारीखाली ती नमुन्यातल्या किती माणसांवरून काढली ते छापावे. तीस-चाळीस माणसांवरची टक्केवारी असेल तर ती छापू नये.

आपले,
घरोघरच्या पाहण्यांच्या कामात असलेले काही वाचक